बॉनेटवरचं पातेलं

सकाळी सव्वानऊला ह्यांनी आमच्या पॅसेंजर भरायच्या जुन्या जीपच्या बॉनेटला छिन्नी लावली आणि तिथून माझ्या नावाचा बोभाटा सुरू झाला. आळेफाट्याच्या गॅरेजवर असे किस्से रोजच साचतात. चहाबरोबर सांगतात, हसतात. ज्याचा किस्सा असतो त्याला तेवढं हसू येत नाही.

झालं असं, जुना कार्बोरेटर पार झिजला होता. ह्यांनी पुण्याच्या भंगारातून दुसऱ्या गाडीचा आणला. तो बसेना, म्हणून तो ज्यावर बसतो तो मॅनिफोल्डही आणला. इंजिन झकास चालू झालं. पण ही जोडी उंच, बॉनेट चार बोटं वरच.

गॅरेजवाले बबनभाऊ म्हणाले, "राव, टोपी लई मोठी झाली."

म्हणून तेवढं बॉनेट कापलं.

*

आता भोकातून पाणी आत जाणार. मी घरी बाळाला झोपवत होते, तेवढ्यात ह्यांनी येऊन मांडणीवरचं पातेलं उचललं, भोकावर उपडं घातलं आणि स्क्रूनं आवळलं.

"अवो, बाळाची पेज करते मी त्यात."

"मग वाटीत कर."

पातेल्यावर नाव घातलेलं, 'आयु. सिंधू हिला लग्नात मावशीकडून भेट, राजुरी.' आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं. तिनं हे पाहिलं तर काय म्हणेल?

*

अक्षरं उलटी, म्हणून पॅसेंजर मान वाकडी करून वाचायचे. एका म्हातारबाबांना ते स्मरणार्थ लिहिलेलं वाटलं. मलाच म्हणाले, "पोरी, ही सिंधू कधी वारली?"

म्हटलं, "न्हाई बाबा, हाय अजून."

*

बाळाला डोस पाजायला अंगणवाडीत नेलं. बाईंनी नाव विचारलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "ती पातेल्यावाली."

बाई म्हणाल्या, "हां, बस गं पातेल्यावाली."

*

मी राजुरीला जाणंच सोडलं. ह्यांनाही तिकडचं भाडं घेऊ देईना. बाळ चालायला लागलं, तेही मावशीनं पाहिलं नव्हतं.

मग एकदा मावशीच फाट्यावर आली. नेमकी आमच्या जीपपुढं उभी. मी बाळाला घेऊन आत, मान खाली. तिला वाचता येत नाही, पण पातेलं ओळखलं. त्यावर हात फिरवला.

"जावईबापू, ह्याचं झाकण बी दिलं व्हतं मी. ते कुठं लावलं?"

मावशीनं माझ्या मांडीवरचं बाळ काढून घेतलं आणि राजुरीच्या एसटीत चढणाऱ्या बाईला हाक मारली.

"अगं, आमच्या सुनेला निरोप दे. सिंधू बाळाला घेऊन येतीय म्हणावं. पेजेला दुसरं पातेलं घासून ठेवायला सांग."