जीजीनं भात सोडला तो उन्हाळा

जीजीमुळे माझी मुलगी आज हसती-खेळती आहे. हे आधी लिहिते, बाकीचं मागून. माझी शाळा आठवीत सुटली. लिहायला बसले की मी भरकटते, आणि त्या नादात मुख्य माणसाचं नावच राहून जायला नको.

जीजी म्हणजे भरे गावातली आमची घरमालकीण. आम्ही हिंगोलीकडचे. माझे मालक पिरंगुटच्या एका कंपनीत मशिनवर, म्हणून जीजीच्या घराच्या मागच्या अंगाची खोली भाड्याने घेतली होती. जीजीसारखं लग्नात जेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चैत्र-वैशाखात तिकडे एका दिवसात तीन-तीन मांडव असतात. कुठे हळद, कुठे साखरपुडा, कुठे बारसं. जीजी सगळीकडे जायची, सगळीकडे पंगतीला बसायची आणि संध्याकाळी घरी येऊन गोठ्यातलं शेण काढायची. तिच्याबरोबर गेलेल्या बायका तोवर ओवा चघळत ओसरीवर आडव्या झालेल्या असायच्या.

तिचं गुपित मी आल्या-आल्याच पाहिलं. लग्नाला निघायच्या आधी, इरकली लुगडं नेसून, नथ घालून जीजी चुलीपाशी बसली होती आणि चतकोर नाचणीची भाकरी ताकाबरोबर खात होती.

"जीजी, तुम्ही तर जेवायलाच चाललात ना?" मी विचारलं.

"व्हय. म्हणून तर खाते," जीजी म्हणाली. "उपाशी गेलं की मांडवात डोळं जेवत्यात. आन् रातभर कळ काढायची पोटानं."

मांडवात ती 'नको' हा शब्द कधी वापरायची नाही. जिलेबीची बादली घेऊन वाढपी समोर आला की जीजी वर मान करून म्हणायची, "काय रं, आईच्या हाताचं पलास्तर काढलं का?" तो बादली हातात धरून सांगू लागायचा. बोटं अजून वळत नाहीत, वैदूकडं नेलं होतं, त्यानं तेल दिलंय. मागून कुणीतरी ओरडायचं, "आरं ये, जिलबी हिकडं आन की! तितं काय लगीन लावतुयास का?" तो पळायचा. जीजीच्या पानात एकच जिलेबी, तीही पहिल्या वाढीची. "नको म्हणलं की चार वाढत्यात," ती मला कोपराने ढोसून सांगायची. "तेला बोलता ठिवायचा."

मला हे कधी जमलं नाही. मला कुणी काही वाढलं की मी घेते. परक्या गावात राहणाऱ्याला 'नको' म्हणायची भीती वाटते. भाडेकरीण चढून बसली, आमचं अन्न हिला चालत नाही, असं कुणी म्हणेल या धास्तीने मी पोट तट्ट फुगेपर्यंत खायची आणि घरी येऊन उलट्या काढायची.

त्या उन्हाळ्यात मला दिवस होते. आधीचं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून मी तशीही रोज घाबरलेली. त्यात तपासणीत साखर वाढलेली निघाली. पिरंगुटच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळंतपणापर्यंत जेवण सांभाळावं लागेल. साखर अशीच राहिली तर बाळाला धोका आहे." पुढचं मला ऐकूच आलं नाही. धोका एवढाच शब्द कानात. माहेरी वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, आई त्यांना सोडून येऊ शकत नव्हती, आणि एवढ्या लांबचा प्रवास मला बंद केला होता.

जीजीनं मला धुण्याच्या दगडावर रडताना पकडलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साकरच ना? मग साकर न्हाई खायाची. तेला रडायचं कशापाई?"

"पण लोक आग्रह करतात, जीजी. आणि कुणाला सांगू नका. आधीच बायका कुजबुजतात माझ्याबद्दल. हिच्यातच काहीतरी खोट आहे म्हणतील."

"न्हाई सांगत. तू मातुर माझ्या ताटात बसायचं."

त्या गावच्या पंगतीत दोन बायका एका ताटात जेवल्या तर कुणाला वावगं वाटत नाही. मायलेकी बसतात, जावा-जावा बसतात. एका ताटात कोण किती खातं ते समोरच्याला कळत नाही. बुंदी आली की जीजी ती आपल्या बाजूला ओढायची, काकडी-उसळ माझ्याकडे सरकवायची. तिच्या धाकट्या जाऊबाई मात्र चतुर होत्या. एका हळदीत त्या गुलाबजामची वाटी घेऊन थेट माझ्या तोंडापाशीच आल्या. "दोन जिवांची हाय, खाऊ दे की तिला पोटभर! तुमीच काय गिळताय सगळं, आक्का?"

"तिला उलट्या व्हत्यात," जीजी म्हणाली. "तुझ्या नव्या लुगड्यावर वकली तर बोलू नगंस."

जाऊबाई दोन पावलं मागे झाल्या. मी पदरात तोंड खुपसून हसले. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे.

असे आम्ही बरेच मांडव पार पाडले. गोड म्हणून माझ्या जिभेवर आलं नाही. जीजी खूश, मीही खूश. आणि पुढच्या तपासणीला साखर कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

त्या दिवशी जीजी माझ्याबरोबर दवाखान्यात आली होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसभर काय काय खाता ते सांगा." माझ्या आधी जीजीच बोलली. "गोडाचा कण न्हाई देत मी हिला. चहा बिनसाकरंचा. आंबासुदीक दावला न्हाई."

"आणि भात?"

"भात खाती की."

"किती?"

जीजीनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "दोन येळंला. मांडवात आसंल तर मसालेभात येगळा. पर भात म्हंजी काय खानं हाय व्हय, बाई? पाणीच की ते."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. भाताचीही अंगात साखरच होते, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. जीजी मानेना. "आमच्या खाचरातला इंद्रायणी हाय. घरचं खत. तेच्यात साकर कुटनं यील?"

यात तिला हसण्यासारखं काही नाही. त्या भागात चारी बाजूंनी भातखाचरं. भाकरी खाल्ली तरी शेवटी भात पडल्याशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. भात खाण्यात धरायचाच नाही, ही समजूत तिथल्या पाण्यातच आहे. मिठाईला माझ्यापासून लांब ठेवताना जीजी दर पंगतीत, मायेने, ताटातला भात माझ्याकडे लोटत होती. "जरा ऊन ऊन हाय तवर खा, बाळाला ताकद यील," असं म्हणत.

 परत येताना जीपमध्ये, घोटवड्याच्या फाट्यावर कुणी ओळखीच्या बाईने हाक मारली तरी तिने नुसतीच मान हलवली. घरी आल्यावर खोलीच्या दारात थांबली आणि म्हणाली, "म्याच घालत हुते की गं." एवढंच. मग आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जीजीला वाईट वाटलं, आता ती मला जवळ करायची नाही, असं काय काय डोक्यात. आमच्यासारख्यांना असलेच विचार येतात.

सकाळी ती दारात उभी. "तुमच्या तिकडं काय खात्यात गं?"

"ज्वारीची भाकरी, जीजी. वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा."

"मग हितं आल्यापास्नं खाल्ली का न्हाईस?"

काय सांगणार? त्या घरात आल्या दिवशी तिने मला वाफाळता भात वाढला होता, वर साजूक तूप. त्यानंतर 'मला भाकरी हवी' म्हणायचं धाडसच झालं नाही.

जीजीनं ज्वारी दळून आणवली आणि माझ्यासमोर परातीत पीठ घेऊन बसली. तांदळाची भाकरी करायला तिचा हात मोठा सराईत, पण ती उकड काढून करतात. ज्वारीची तिच्या हाताखाली कडेने चिरत गेली. "ही काय भाकर हाय का नकाशा?" म्हणून ती स्वतःच हसली. मी तिला आधणाचं पाणी घालून पीठ मळायचं दाखवलं. दुसऱ्या दिवशी जमली. डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला हिशेब मी वाचून दाखवला आणि तिने तो पाळला: भाकरी एक, उसळ नाहीतर वरण, पालेभाजी भरपूर, जेवल्यावर अंगणात फेऱ्या. जीजी ओसरीवर बसून माझ्यावर नजर ठेवायची. "ऊनं झाली म्हणून बसायचं न्हाई, सावलीनं चाल."

आणि मग गावचा उरूस आला. उरूस म्हणजे गावदेवाची जत्रा. त्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही हाताला धरून आत नेऊन जेवू घालतात, न जेवता गेला तर तो मोठा अपमान. जीजीच्या घरच्या मांडवात सगळं भाऊबंद. पहिल्या पंगतीत आम्ही दोघी नेहमीसारख्या एका ताटात. वाढप्याने भाताचा डोंगर केला. जीजीनं तो उचलून शेजारच्या म्हातारीच्या ताटात घातला, कमरेच्या पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून ज्वारीची भाकरी काढली आणि ताटात ठेवली.

मांडवातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या, असं मला तरी वाटलं.

धाकट्या जाऊबाईंनी कमरेवर हात ठेवला. "ह्ये काय, आक्का? देवाच्या जेवणाला घरचा डबा? का ह्या हिंगोलीवालीला आमच्या खाचरातला भात गोड लागंना?"

 आता सगळं सांगावं लागणार. मी जीजीकडे पाहिलं. तिने शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि म्हणाली, "हिला कशाला बोलतीस? भात मला बंद केलाय डॉक्टरनं. साकर निघाली माझ्यात. एकलीनं भाकर खायाची लाज वाटती, म्हून ह्या पोरीला बसवलीया जोडीला."

"तुमाला? आवं, तुमी तर भाताबिगर..."

"मग? न्हाई खायाचा आता. तू वाढ तिकडं, लोकं थांबल्यात."

जीजीला साखरबिखर काही नव्हती. पण भर मांडवात बोललेला शब्द मागे घेता येत नाही. जाऊबाईंचं घर समोरच, स्वयंपाकघराची खिडकी जीजीच्या ओसरीकडे. त्या रोज काहीतरी निमित्त काढून जेवणाच्या वेळेला डोकावायच्या. कधी विरजणाला ताक मागायला, कधी नुसत्याच, "काय आक्का, आज काय केलंय?" त्यामुळे जीजीनं खरंच भात सोडला. ज्या बाईने जन्मभर भाताशिवाय ताट पुरं केलं नाही, ती माझ्यासमोर बसून ज्वारीची भाकरी खायची. घरात तिच्या सुनेनं इंद्रायणीचं पातेलं उतरवलं की त्या वासाने जीजी उठून बाहेर जायची आणि गोठ्यात उगाच म्हशीशी बोलत बसायची. मी म्हणायची, "जीजी, दार लावून खा ना दोन घास, कोण बघतंय?"

"दार लावून खाल्लं तर तुलाबी खावासा वाटंल," ती म्हणायची.

पुढच्या तपासणीला साखर उतरली होती. त्याच्या पुढच्याला आणखी. डॉक्टरबाईंनी माझ्याऐवजी जीजीकडे बघून मान डोलावली, आणि जीजी लाजली. तिला लाजताना मी एवढं एकदाच पाहिलं.

आषाढात मुलगी झाली. जन्मल्यावर तिच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं, सगळं बरोबर निघालं. माझे मालक बाहेर रडत होते म्हणे. जीजीनं पोरीला फडक्यात घेतलं, नाक-कान-बोटं बघितली, कपाळाला कपाळ लावलं. मग तिला माझ्या कुशीत ठेवून पदर खोचला.

"निघालात?" मी विचारलं.

"व्हय. घरी जाऊन भात खाते."

नर्स वळून बघायला लागली. मला टाक्यांमुळे हसता येईना आणि रडूही आवरेना.

पोरगी चालायला लागली तेव्हा मालकांची बदली चाकणकडे झाली. टेम्पो भरला त्या सकाळी जीजी ओसरीवरच बसून राहिली. पोरीच्या गालाला हात लावून म्हणाली, "जा आता. आन् कुणी वाढलं म्हून खाऊ नगंस. खायाचं तुला हाय, पोट तुजं हाय." माझ्याकडे बघितलं नाही. टेम्पो वळला तरी ती तशीच.

फोनवर बोलतो आम्ही. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून ती मोठ्याने ओरडते, आणि मीही इकडून ओरडते. इथल्या इमारतीत उन्हाळ्यात वाढदिवस, मुंजी, हळदी-कुंकू चालूच असतात. मला अजून 'नको' म्हणायला भीती वाटते, पण आता मी निदान समोरच्याला त्याच्या मुलाची परीक्षा कशी झाली ते विचारते. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

जीजीचं मी काय फेडणार? तिच्याकडे सगळं आहे, आणि माझ्याकडे देण्यासारखं फारसं काही नाही. पण आम्ही दोन खोल्या बांधायला घेतल्या आहेत. आज ना उद्या पूर्ण होतील. वास्तुशांतीला मी स्वतः भऱ्याला जाऊन जीजीला घेऊन येईन, पाटावर बसवीन, आणि माझ्या हाताने वाढीन. काय वाढू, किती वाढू, हे तिला विचारीन. ती म्हणेल तेवढंच वाढीन. आणि तिने पानावर हात आडवा धरला, की माझी जीजी, मी तुला एका घासाचाही आग्रह करणार नाही.