बागेतलं निनावी स्मारक

ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर, असं सगळं गाव म्हणतं. म्हणू दे! गाव तरी कसलं, आर्किटेक्टसाहेबांनी कागदावर आखलेलं. घरं सारखी, खिडक्या सारख्या, दारापुढे कपडे वाळत घालायचीही बंदी. निम्म्या घरांचा गिलावा ताईच्या हातचा. तिचा धाकटा भाऊ सेंटरिंगच्या, म्हणजे ओल्या स्लॅबला टेकू लावायच्या कामावर होता, आणि सभागृहाच्या स्लॅबखाली तोच गेला.

गेला कसला, घालवला! स्लॅब अजून कच्चा होता. पण पाहुणे फोटो काढायला येणार, आणि फोटोत टेकू वाईट दिसतात म्हणे. "मधले तेवढे काढा," साहेब सावलीतून म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? भाऊ टेकू काढायला आत शिरला आणि स्लॅब त्याच्यावरच आला.

आता बागेत त्याचं स्मारक झालं. उद्घाटनाला ताई गेली, भावजयीला घेऊन. बघते तर काय, हिरवळीत पांढराशुभ्र गुळगुळीत दगड, त्यावर एक अक्षर नाही. खाली मात्र चकचकीत पितळी पाटी: संकल्पना, आणि पुढे साहेबांचं नाव. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्दी सारत ती तरातरा पुढे निघाली.

"वन्सं, चारचौघांत नको," भावजय पदर ओढत म्हणाली.

"चारचौघांतच मेला ना तो? सोड!"

साहेबांसमोर उभं राहून तिने विचारलं, "माझ्या भावाचं नाव कुठाय?"

साहेब गोड हसले. "ताई, एकाचं नाव घातलं की स्मारक त्या एकाचंच होतं. हे सगळ्या कष्टकऱ्यांचं आहे."

"सगळे कुठे मेले? मेला तो एकटा!"

साहेबांनी घाम पुसला. "बरं बरं, कोरून घेऊ." त्यांनी खिशातून पेन काढलं. "काय नाव होतं त्याचं?"

ताई बघतच राहिली. गाव उभं राहीपर्यंत हाच माणूस भावाच्या खांद्याचा आधार घेऊन परांचीवर चढायचा, "अरे लंबू" म्हणून हाका मारायचा.

भावजय नाव सांगायला पुढे झाली. ताईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको सांगूस," ती म्हणाली. रागाने तिचा आवाज फाटला होता. "याच्या नावाशेजारी नाही बसायचं त्याला. चल घरी."