परक्या राणीचा तास

शैलजा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बदनापूर स्टेशनवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘इतिहासाच्या शैलजा मॅडम आपल्यात नाहीत.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. गाडी आली, मी चढलेही... आणि रडू येण्याआधी राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतंय, म्हणून लिहितेय.

नवीन जालन्यातल्या कॉलेजात कितीतरी वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो. मी मराठी शिकवायची, ती इतिहास. तिचा एक तास अभ्यासक्रमात नव्हता, तरी दरवर्षी व्हायचा. युरोपातल्या एका राणीचा. कोवळ्या वयाची राजकन्या दुसऱ्या देशाच्या युवराजाला दिलेली. सरहद्दीवर तिच्या अंगावरचे माहेरचे कपडे उतरवून सासरच्या देशाचे घातले, सोबतच्या दासी परत पाठवल्या, नावसुद्धा बदललं. पुढं जन्मभर दरबाराला एकच संशय, ही माहेरची हेर तर नाही? तिची पत्रं फोडून वाचायचे. एकदा मीही मागच्या बाकावर जाऊन बसले होते. केदारखेड्याची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, मंग ती पळून का न्हाई गेली?”

शैलजा म्हणाली, “कुठं जाणार? माहेरानंच तर तह करून दिली होती तिला.”

ती स्वतः धारवाडकडची. नवरा इथल्या बियाण्यांच्या कंपनीत; कामासाठी कर्नाटकात जाणंयेणं असायचं, तिकडेच स्थळ जमलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि गिरिजाची शैलजा झाली. तेवढं तिनं हसून घेतलं. फोनचं मात्र हसण्यावारी नेता येईना. फोन बैठकीत, सासूबाईंच्या खुर्चीपाशी. ही आईशी कन्नडमध्ये बोलायला लागली की त्या म्हणायच्या, “काय सांगून राह्यली माहेराला? आम्हाला समजंल असं बोल. बराबर मराठीत.” आईला मराठीचा गंध नव्हता. पण लेकीचा आवाज कानावर पडावा म्हणून त्या माउलीनं कुणाकडून तरी चार वाक्यं पाठ करून घेतली. जेवलीस का, बरी आहेस का, पाऊस आहे का, ठेवते. वर्षानुवर्षं मायलेकींचं बोलणं एवढंच! हे सगळं ती जणू त्या राणीचंच सांगतेय अशा सुरात सांगायची. मी चिडले की वर मलाच चिडवायची, “तू मराठीची बाई, तुला तर आनंद व्हायला पाहिजे.”

पुढं मोबाईल आले. मी स्टाफरूमचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, आता बोल पोटभर. तिनं फोन लावला, कन्नडमध्ये भरभर काहीतरी म्हणाली. पलीकडून आलेला आवाज मलाही ऐकू आला... “जेवलीस का?” तिनं परोपरीनं सांगून पाहिलं, इथं कुणी नाही. म्हातारीला पटेचना. कुणीतरी ऐकत असणार आणि लेकीला बोल लागणार, हेच तिच्या मनात बसलेलं. ती आई शेवटपर्यंत लेकीशी मराठीतच बोलली.

सासूबाई गेल्या, आई गेली. आणि यंदा शैलजाला अर्धांगाचा झटका आला, त्यात तिचं मराठी पुसलं गेलं. उरली फक्त कन्नड. मी घरी भेटायला गेले तर तिचा नवरा कावराबावरा होऊन दारातच उभा. “मॅडम, कालपासून काहीतरी सांगून राह्यली. मला बिलकुल समजत न्हाई हो.” इतका संसार करून या माणसाला बायकोच्या भाषेतलं ‘पाणी’सुद्धा माहीत नव्हतं. मी तिच्या बहिणीला फोन लावला, स्पीकर सुरू करून उशाशी धरला. बहीण बोलत होती, ही ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. मग बहीण हुंदके देत मोडक्या हिंदीत मला सांगायला लागली. ती म्हणतेय, हळू बोल, सासूबाई बाहेर बसल्यात.

मी उठून दार लावलं. तिनं दाराकडं पाहिलं आणि गप्प झाली.

ती गेल्यानंतर परवा पुन्हा त्या घरी गेले होते. तिच्या खोलीत तिचा नवरा आणि मी बराच वेळ बोलत बसलो, तिच्याबद्दलच. निघताना माझ्या लक्षात आलं, आम्ही दोघंही सगळा वेळ कुजबुजत होतो. घरात तिसरं कुणीच नव्हतं.