मार्ग क्रमांक एक: सोपा

आबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली तेव्हा डॉक्टरांनी आमच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या. रोज तीन किलोमीटर चालायचं आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. तीन महिन्यांनी तपासणी होईल आणि तेव्हा फरक दिसला नाही, तर छाती उघडून मोठं ऑपरेशन. आबा, म्हणजे माझे वडील, सगळं ऐकून मान हलवत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आयुष्यभर बैलामागं चाललो, ते काय मोजलंच न्हाई व्हय रं?"

त्या चालण्यावरच मी शिकलो. घरातला पहिला पदवीधर मी. आज विश्रामबागला कॉलेजात शिकवतो आणि शनिवारी आष्ट्याजवळच्या आमच्या गावी जातो. त्यामुळे आबांना चालवण्याची जबाबदारी माझी, असं मी ठरवलं. शिकलेला माणूस अशा वेळी जे करतो ते मी केलं. पुस्तक शोधलं.

कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजीतलं एक जुनं पुस्तक होतं. नदीच्या खोऱ्यातून आणि चुनखडीच्या टेकड्यांवरून जाणाऱ्या छोट्या, सोप्या पायवाटांचं. प्रत्येक वाटेला क्रमांक, अंतर, लागणारा वेळ, चहा कुठं मिळेल, सगळं दिलेलं. माणसं तिथं काही काम नसताना चालतात आणि त्यासाठी पुस्तक विकत घेतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्याकडंही नदी होती. टेकडी होती, फक्त काळ्या दगडाची. चुनखडीही थोडी होती, पण तिच्यात पीक येत नाही, म्हणून ज्याच्या रानात ती निघते त्याला सोयरीक जुळवताना ते सांगावंसं वाटत नाही.

मी आखीव कागदावर 'मार्ग क्रमांक एक' तयार केला. मारुतीच्या देवळापासून उसातल्या पाणंदीच्या वाटेनं नदीकाठ, तिथून ओढा ओलांडून टेकडीचा पायथा आणि परत. प्रकार: सोपा. खाली तारखांचे रकाने केले, आणि प्रत्येक तारखेपुढं 'गेलो' आणि 'आलो' अशा दोन चौकटी. आबांनी तो कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या खिशात ठेवला. पूर्वी माझा निकाल ठेवायचे, अगदी तसा.

महिनाभर चौकटी भरत राहिल्या. एकही दिवस चुकला नाही. मी कॉलेजात दोघांतिघांना हे कौतुकानं सांगितलंही. मग महिन्याची साधी तपासणी झाली. वजन जिथल्या तिथं होतं आणि साखर वाढली होती. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी आबांकडं पाहिलं. आबा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं पाहत होते.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर निघालो. देवळापासून शंभर पावलं गेलो नाही तोच भावकीतल्या एकानं मोटारसायकल थांबवली आणि आबांना मागं बसायला सांगितलं. आम्ही चालतोय, असं मी म्हणालो. त्यानं काळजीनं विचारलं, "का? काय झालंय?"

फिरायला निघालोय, हे सांगून त्याचं समाधान होईना. कुठं, हे त्याला कळत नव्हतं. नदीला, म्हटल्यावर त्यानं कुणी वारलंय का विचारलं. टेकडीला, म्हटल्यावर, तिथं तर आपलं रान नाही. शेवटी त्याचा चेहरा उतरला.

"आबा, माझ्या गाडीवर बसायचा कमीपणा वाटतोय काय आता?"

आबा ताबडतोब बसले. आणि लिहायला लाज वाटते, पण त्यांच्या मागं मीही बसलो. मार्ग क्रमांक एकचं 'गेलो' आम्ही तिघांनी एका गाडीवरून पाच मिनिटांत पूर्ण केलं आणि आष्ट्याच्या स्टँडवर चहा घेतला. साखरेचा. परत येताना दुसऱ्या एकानं सोडलं. घरी आल्यावर आबांनी कागद काढला आणि 'गेलो', 'आलो' या दोन्ही चौकटींत खुणा केल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. कसं गेलो, हे मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी शेजारची काकू आईकडं येऊन हळूच विचारून गेली, की बापलेकांत काही वाजलंय का. लेकानं गाडी मिळत असून म्हाताऱ्याला उन्हातनं चालत नेलं, असं गावात झालं होतं.

रात्री जेवताना मी बरंच बोललो. ऑपरेशन म्हणजे काय, हेही बोललो. आबांनी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "चालायला माझी ना न्हाई. रिकाम्या हातानं चालाय येत न्हाई मला. अन् बोलावणाऱ्याला नको म्हणाय येत न्हाई."

आई भाकरी वाढत होती. तिनं मान वर न करता गोठ्याकडं हात केला. "कालवड न्या संगं. हातात कासरा असल्यावर कोण गाडीवर घेतंय?"

पदवी, ग्रंथालय, आखीव कागद एका बाजूला, आणि हे दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या दिवसापासून आबा कालवड घेऊन निघाले. गाड्या यायच्या, हळू व्हायच्या, कालवडीकडं पाहून निघून जायच्या. उलट लोक सल्ला द्यायला लागले. नदीकाठाला गवत चांगलंय, तिकडं न्या. टेकडीपर्यंत घेऊन जावा, पाय मोकळं होत्यात तिचं. गावात तिच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली. आबांना टेकडी चढताना धाप लागली, तर लोक म्हणत, कालवड लय वडतीया.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिले. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, गोळ्या आणि चालणं असंच चालू ठेवा. हे कसं जमवलं, असं त्यांनी विचारल्यावर आबांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"ह्यानं कागद करून दिला."

डॉक्टरांनी तो पाहायला मागितला, आवडला, आणि दुसऱ्या पेशंटांसाठी त्याच्या प्रती काढून घेतल्या. त्याला एक कालवडही लागते, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

परत येताना एसटीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. तिथून गाव दीड किलोमीटर. बरोबर कालवड नव्हती. आम्ही चालायला लागलो, तोच मागून मोटारसायकल आली आणि थांबली. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडं, आणि बसले. मी येत नाही म्हणालो.

ती गाडी वळणाआड गेली. मी वळणापर्यंत पोहोचेतो दोन गाड्या थांबल्या होत्या, आणि दोघांनीही गाडीवर बस म्हणण्याआधी हेच विचारलं, की आबा तुला सोडून का गेले.