किती वेळ, किती लांब

थोरली अणुवीज केंद्राच्या धुलाईघरात कामाला लागली, तेव्हा घरात कुणालाच आनंद झाला नाही. धाकट्या जावेनं तर आपली लेक तिच्या कडेवरून अलगद काढून घेतली.

"राग मानू नका ताई, पण ते किरण अंगाला चिकटून येत असतील ना?"

थोरलीलाही ते माहीत नव्हतं, आणि तिला तेच जास्त लागलं.

आतल्या विभागातल्या कामगारांचे डगले धुवायचे, वाळवायचे, मग त्यांच्यावरून किरण मोजणारं यंत्र फिरवायचं, हे तिचं काम. निघताना सगळे किरण तपासणाऱ्या चौकटीत उभे राहत आणि घर गाठत. थोरली सुरक्षा विभागाच्या बाईंना गाठायची. डोस म्हणजे काय? दूषण म्हणजे काय? सोबतिणींनी तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं. ती म्हणाली, ठेवा, पण पिच्छा सोडणार नाही.

बाईंनी तिला कंदिलाचा दाखला दिला. "कंदिलाचा उजेड तुमच्यावर पडला, तर तो घेऊन तुम्ही घरी जात नाही. तसे किरण; अंगावर किती पडले, तो डोस. काजळी हाताला लागली, तर घरभर होते. ते दूषण. आणि ही काजळी स्वतःही उजेड टाकत राहते, म्हणून चौकट तिला शोधते."

एकदा तिच्या बुटाच्या तळव्यावर चौकट वाजली. बूट तिथंच ठेवून ती केंद्राच्या चपला घालून घरी आली, आणि विचारल्यावर खरं ते सांगितलं. धाकटीनं त्या दिवसापासून पोरीला थोरलीच्या खोलीत जाऊच दिलं नाही. थोरलीला रडू आलं, पण नोकरी सोडायचा विचार तिनं मनाला शिवू दिला नाही.

पुढच्या वर्षी धाकटीच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बिघडली. डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी सांगितली. गोळी घेतल्यावर काही दिवस लेकीपासून लांब राहायचं, असंही बजावलं. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. दीर थोरलीच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, नको म्हणून सांगू का त्यांना?"

"वेडे आहात का? औषध आहे ते. डॉक्टरांनी दिलेला कागद आणा."

दोघांनी तो ओळीनं वाचला. थोरलीनं धाकटीसाठी वरची खोली रिकामी केली. टॉवेल वेगळा, ताटवाटी वेगळी, संडासात दोनदा पाणी सोडायचं, हात नीट धुवायचे. पोरीला तिनं आपल्या खोलीत घेतलं. या वेळी कुणी अडवलं नाही.

ती ताट दाराशी ठेवायची आणि जिन्याच्या टोकाशी खुर्ची टाकून गप्पा मारायची.

"ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?" धाकटीनं आतून विचारलं.

"वाटते. म्हणून तर खुर्ची इतक्या लांब ठेवलीय. जवळ कमी वेळ, बाकी वेळ लांब, एवढंच आपल्या हातात. तिकडे आठ दिवसांत ते आयोडीन आपणहून निम्मं होतं, आणि तू पाणी पीत राहिलीस तर त्याच्याही आधी बरंचसं बाहेर पडतं."

मग धाकटी म्हणाली, "मी तुम्हाला वाळीत टाकलं होतं."

"टाकलं होतंस. मला फार लागलं ते." थोरली म्हणाली. "आता भाजी गार व्हायच्या आत जेव."

सांगितलेले दिवस सरले. रुग्णालयात मोजणी झाली आणि डॉक्टरांनी मोकळीक दिली. लेक आईला अशी बिलगली की सोडवता सोडवेना.

मग एकदा थोरली घरात किरण आणते, असं शेजारीण जिन्यात कुजबुजली. धाकटी शेजारणीला ऐकवायला लागली, "किरण वेगळे, दूषण वेगळं. काजळी पडते ते किरण..."

"उलटं सांगतेयस," खालून कपड्यांची बादली घेऊन येणारी थोरली म्हणाली, आणि बादली पायरीवर ठेवून तिनं दोघींना पहिल्यापासून समजावायला घेतलं.