सुटे टाके

लाडक्या मेटल बँडचे शो बघायला आम्ही तिघं मित्र युरोपला निघालो होतो. बॉस्टनच्या विमानतळावरच माझ्या जॅकेटच्या पाठीवर शिवलेलं बँडचं चित्र उसवलं. आमचं मराठी ऐकून समोरच्या काकूंनी पर्समधून सुईदोरा काढला.

"सर्जन होते मी, फॉर्टी इयर्स. आण इकडे."

कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून त्या प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारत होत्या. सलग का शिवत नाही, मी विचारलं.

"एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात."

प्रागच्या शोला गर्दीत मी खाली पडलो, तेव्हा दोघांनी त्या जॅकेटला धरूनच मला वर ओढलं. एकच टाका तुटला. तो मी तसाच ठेवलाय. शोबद्दल कुणी विचारलं की आधी तोच दाखवतो.