थोरलीचं मशीन

घरात तिला थोरली म्हणत. पुढे कारखान्यातही तेच नाव चिकटलं. नाकासमोर चालणारी मुलगी. मैत्रिणी कॉलेजात गेल्या, ही कारखान्यात लोखंड कातायच्या लेथ मशीनवर शिकाऊ म्हणून लागली. हातात कसब असलं की माणूस उपाशी मरत नाही, असं वडील म्हणायचे. वडील गेले, ते वाक्य मात्र घरात राहिलं.

सुरुवातीला फोरमननं तिच्या हातात झाडूच दिला. मशीनखालचा लोखंडाचा कीस गोळा करायचा आणि कान उघडे ठेवायचे. मशीन बोलायला लागलं की मग हात लाव, असं तो म्हणाला तेव्हा तिला ती थट्टा वाटली. पण हळूहळू कातायचं टूल बोथट झालंय की मशीनवर लावलेला तुकडा, म्हणजे जॉब, थरथरतोय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं. बोटं कापली, नखांत काळं तेल कायमचं बसलं. मग एकदा तिनं कातलेला शाफ्ट फोरमननं मापला, परत मापला आणि तयार मालात ठेवून दिला. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच भरात तिनं धाकट्या भावाला कारखान्यात ये म्हणून गळ घातली. तो नुकता कॉलेजात जायला लागला होता. एका घरात एकाचे हात काळे झाले तेवढे पुरे, असं आईचं म्हणणं. पण शिकाऊपणाची मुदत संपली की मला कायम करतील, मग त्याचंही मी बघेन, असं सांगून थोरलीनं आईला पटवलं. तिला तरी कुठं शंका होती? तुझ्यासारखी पोर सोडतंय कोण, असं फोरमन दहाजणांसमोर म्हणाला होता.

धाकटा आला आणि तिच्याच मशीनवर तिच्या हाताखाली उभा राहिला. बाह्या दुमडून घे, जॉब पकडणाऱ्या चक्कची चावी आधी काढ, चालू मशीनवरून वाकू नकोस. डोळ्यांत तेल घालून तिनं त्याला शिकवलं. पोरगा चलाख निघाला. जेवणाच्या सुट्टीत ती ज्याला त्याला त्याचं काम दाखवत फिरायची.

तिची मुदत संपत आली तसं फोरमननं तिला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं.

"वरून निरोप आलाय. कायमचं कुणाला घ्यायचं नाही. फक्त शिकाऊ घ्यायचे."

"मग माझं मशीन?"

"भाऊ आहे ना तुझा. तयार झालाय तो." बोलताना त्याची नजर स्वतःच्या बुटांवर होती. तिच्यासाठी तो वर जाऊन भांडला होता आणि हात हलवत परत आला होता.

घरी धाकटा म्हणाला, मीही सोडतो. थोरलीनं त्याला गप्प केलं. त्यानं सोडलं तर तिथं दुसरा कुणी उभा राहील, तिच्या पदरात काय पडणार? आई ताटं वाढत राहिली.

मग थोरलीनं दारोदार फिरून वर्कशॉपं पालथी घातली. कुणाला अनुभवी माणूस हवा होता, आणि शिकाऊपणाचा काळ अनुभवात धरत नव्हते. कुणाला शिकाऊच हवे होते, पण एकदा शिकलेल्याला त्याच कामात परत शिकाऊ होता येत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ती चपलांच्या दुकानात लागली. दिवसभर लोकांच्या पायांशी बसून मापं काढायची. नखं हळूहळू स्वच्छ झाली. आईला ते बरं वाटलं, तिला नाही.

संध्याकाळी धाकटा अडलेलं काम घेऊन तिच्याकडे येतो. परवा बारीक शाफ्ट कातताना त्याच्या अंगावर लाटा उठत होत्या. तिनं लाटणं हातात धरलं आणि टोकाला आधार कसा द्यायचा, टूल किती उंच ठेवायचं, ते दाखवलं. बोलता बोलता तिचा चेहरा उजळला होता.

त्यानं लाटणं तिच्या हातून घेऊन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "ताई, मला तरी ठेवतील का गं?"

नवीन पोरगा त्याच्या हाताखाली आलाय, हे त्यानं आल्या आल्याच सांगितलं होतं.

"टूलला नीट धार लावत जा," थोरली म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.